तोंड मिटून राहिलेली चिलापी

मी एक चिलापी बोलतेय. इतके दिवस गप्प होते ते काही रुसून नव्हे. तोंडात पिल्लं होती. आमच्या जातीत आई अंडी तोंडात धरते आणि पिल्लं धड पोहायला लागेपर्यंत तोंड मिटून राहते. बोलणं सोडाच, घास घ्यायचीही सोय नसते. आता तोंड रिकामं आहे म्हणून बोलता येतंय. हे कारण सुखाचं नाही, पण आहे ते असं आहे.

पुस्तकात आम्हाला तिलापिया म्हणतात. इकडे कुणी म्हणत नाही. रोहू, कटला हे पाहुण्यारावळ्यांचे मासे. चिलापी म्हणजे घरचं कालवण. काटे फार, पण चव आहे, असं म्हणून लोक खातात. माझं स्वतःबद्दलचं मतही साधारण एवढंच आहे.

माझा जन्म राहात्याचा. पेरूच्या बागेला पाणी पुरावं म्हणून आबासाहेबांनी शेततळं खणलं, तळाला काळा प्लास्टिकचा कागद अंथरला आणि "पानी हायेच तर मासं बी सोडू" म्हणून आम्हाला सोडलं. पहिली आठवण आईच्या तोंडातली. अंधार, ऊब, आणि सतत घुसळण. ती आम्हाला बाहेर सोडायची, सावली हलली की परत आत ओढायची. एक दिवस सावली हलली आणि तिनं ओढलंच नाही. मी तिच्या ओठांवर जाऊन आपटले, तिनं मान वळवली. आमचं बालपण असं संपतं. तेव्हा फार राग आला होता. आता वाटतं, तिला भूक लागली असेल, आणि ती स्वतःलाच घाबरली असेल.

कारण तळ्यात गोष्टी कानावर यायच्या. थोरल्या चिलाप्या बोलायच्या, की अमकीनं घाबरून सगळी अंडी गिळली आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशी शेवाळ चरत फिरत होती. मी विचारायचे, "मुद्दाम गिळली?" त्या म्हणायच्या, "तुला होतील तेव्हा कळेल, मुद्दाम काय आणि चुकून काय."

मला झाली. पहिलीच खेप. तळाच्या गाळात एका नरानं खळगा केला होता. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, अंडी माझ्या तोंडात आल्यावर तो दुसरा खळगा करायला गेला. मी काठाच्या सावलीत जाऊन उभी राहिले. अंडी सारखी घुसळावी लागतात, नाहीतर बुरशी धरते. जास्त घुसळली तर फुटतील का? कमी घुसळली तर? ह्याचं उत्तर कुणी देत नाही. ज्या बायका सांगतात त्या एकमेकींच्या उलट सांगतात.

आणि नेमकी त्याच सकाळी तळ्यात जाळं पडलं.

बेलापूरहून एक जोडपं आलं होतं. सिल्व्हिया आणि जोशुआ. त्यांच्या घरामागे एक टाकी होती. टाकीतल्या माशांच्या घाणीचं पाणी भाज्यांना आणि भाज्यांनी निवळलेलं पाणी परत माशांना, असं रहाटगाडगं त्यांनी लावलं होतं. त्या टाकीत मासे कमी झाले होते.

"कमी कसे काय झाले?" आबासाहेबांनी विचारलं.

"मागच्या नाताळाच्या सुमारास नवीन मासे आणले आणि तसेच टाकीत सोडले," सिल्व्हिया म्हणाली. "त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके होते. आम्हाला दिसलेच नाहीत. आठवड्यात जुनेसुद्धा गेले. थोडेसे वाचले."

"माझ्या माशाला ठिपका दाखवा, दाढी काढून देतो," आबासाहेब म्हणाले.

"तुम्हाला दाढीच नाही, आबासाहेब," जोशुआ म्हणाला.

ते हसत होते आणि मी जाळ्यात होते. जाळं वर उचललं की सगळ्यांचं अंग अंगावर येतं. कुणाचा तरी पंख माझ्या डोळ्यात गेला, मी तोंड उघडलं. थोडी अंडी गेली. किती गेली ते मला सांगता येणार नाही. मी ओठ आवळले आणि उरलेल्यांना सगळी अंडी समजायचं असं ठरवलं. तसं ठरवलं नसतं तर पुढचा प्रवास झाला नसता.

प्रवास प्लास्टिकच्या पिशवीतून झाला. हवा भरून तोंड बांधलेली पिशवी, थर्माकोलच्या खोक्यात. टेम्पोत मागे जागा होती तरी सिल्व्हियानं खोकं मांडीवर घेतलं. खड्डा आला की ती म्हणायची, "हळू." जोशुआ म्हणायचा, "हळूच आहे." पुढच्या खड्ड्याला ती परत "हळू" म्हणायची. मला ती बाई आवडली नाही, कारण मला माझीच आठवण येत होती.

बेलापूरला पोचल्यावर टाकीत सोडतील असं वाटलं होतं. तिनं आम्हाला पिशवीसकट एका निळ्या टबात तरंगत ठेवलं. आत आमचं पाणी, बाहेर टबाचं पाणी, मध्ये प्लास्टिक. बराच वेळ काहीच होईना.

"ओत ना एकदाचं," जोशुआ म्हणाला.

"पाण्याचा गारवा सारखा होऊ दे. तुला उन्हातून आल्या आल्या गार पाण्यात ढकललं तर?"

"मी पोहेन."

"तू पोहशील. हे उलटे होतील."

मग तिनं पिशवीचं तोंड सोडून टबातलं थोडं थोडं पाणी मगानं आत घातलं. घातलं की थांबायची, आमच्याकडे बघायची. नवं पाणी वेगळंच होतं. शेवाळाची चव नाही, पेरूच्या पानांचा वास नाही, नळाचं पाणी उन्हात मुरवून ठेवलेलं. पण ते असं थोडं थोडं आलं की कल्ल्यांना झेपत गेलं. शेवटी तिनं आम्हाला एकेक करून जाळीनं टबात घेतलं आणि पिशवीतलं पाणी उचलून गेटाबाहेर गटारात ओतायला निघाली.

तिथे मी पहिल्यांदा मरियाबाईंना ऐकलं. जोशुआची आई.

"अगं अगं अगं! चांगलं पानी गटारात?"

"आई, ते तळ्याचं पाणी आहे. त्यातून रोग येतो. ते ना टाकीत, ना भाजीला."

"मंग कढीपत्त्याला घाल."

"कढीपत्त्याचं पाणी झिरपून कुठं जातं? टाकीकडंच."

"आमी बाई तांदूळ धुतल्यालं पानी म्हशीला पाजलंय, आन् म्हशीची जागा धुतल्यालं पानी केळीला." मरियाबाईंचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "पानी फेकल्यालं मला बघवत न्हाई."

गटारात पाणी पडलं. मरियाबाईंचा श्वास मला टबात ऐकू आला.

त्या टबाचे नियम कडक होते. त्याचा हवेचा पंप वेगळा, जाळी वेगळी. ह्या टबाची जाळी त्या टाकीत बुडवायची नाही. आधी टाकीचं काम, मग टबाचं, मग हात कोपरापर्यंत धुवायचे. टबावर ओलं पोतं, म्हणजे आम्ही उजेडाला बिचकून उड्या मारू नये. मोठी टाकी तिथंच, हिरव्या जाळीच्या सावलीत, आणि तिच्याशेजारी एक लांबट हौद. हौदावर थर्माकोलचे पत्रे तरंगायचे, पत्र्यांना भोकं, भोकांत शिर्डीच्या हॉटेलला द्यायची सॅलडची पानं, आणि खाली पाण्यात मुळं लोंबलेली. हे मी तेव्हा पाहिलेलं नव्हतं; बोलण्यातून समजत गेलं.

"माशाला येगळी खोली," मरियाबाई म्हणायच्या. "माझ्या बाळंतपनात मला येवढी सांभाळली असती तर!"

"तुम्हीच मला सव्वा महिना खोलीबाहेर येऊ दिलं नाही," सिल्व्हिया म्हणायची. "आल्यागेल्याला पाय धुतल्याशिवाय ग्रेसला बघू दिलं नाही. मग हे काय वेगळं?"

"पोर आन् मासा एक हाय का?"

ग्रेस ही त्यांची पोर. नुकती धरून उभी राहायला लागलेली, टबाच्या काठाला धरून पोत्याखालून आत बघायची. तिचे डोळे मोठे होते आणि ती आमच्याकडे बघताना तोंड उघडं टाकायची. मला भीती वाटायची, की तिचं बघून माझंही उघडेल.

पहिल्या दिवशी सिल्व्हियानं खायला काहीच टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी दाणे टाकले, बाकीचे धावले. मी टबाच्या कोपऱ्यात राहिले. दाणा भिजून फुगतो, हळूहळू खाली येतो, नाकासमोरून जातो. भुकेला वास असतो हे मला त्या टबात कळलं. चारसहा दिवसांत तोंडात अंड्यांची पिल्लं झाली. आधी नुसतं वजन होतं, आता शेपट्या होत्या. गुदगुल्या व्हायच्या. एखादं पिल्लू घशाकडे सरकलं की मी थिजून जायचे. गिळायची उबळ ही भूक नसते, ती नुसती उबळ असते. पण पिल्लाला तो फरक काय कामाचा? मी मनात म्हणायचे, मी चांगली आई आहे. लगेच दुसरं मन म्हणायचं, चांगल्या आईला असं म्हणावं लागतं का?

सिल्व्हिया रोज टबाशी बसायची. एकेकाचं अंग बघायची. ठिपके, शेपटीची किनार, पोट. आणि रोज माझ्यापाशी येऊन थांबायची.

"ही खात नाही."

"न्हाई तर न्हाई," मरियाबाई म्हणाल्या. "पोर खात न्हाई तवा म्हनतीस दात येतायत. मासा खात न्हाई तर म्हनतीस आजार. काय तरी एक ठरीव."

"पोर खात नाही तेव्हा मी काय शांत असते का, आई?"

"ते बी खरं."

मला ओरडून सांगावंसं वाटायचं, की बाई, माझ्या हनुवटीकडे बघ, ती फुगलीये, अंगावर ठिपका कुठंय? पण ओरडायला तोंड उघडावं लागतं. तिला कळावं असं मला वाटत होतं आणि कळायचा एकमेव रस्ता मीच बंद करून बसले होते. अशी अवस्था दुसऱ्या कुणाची झाली असेल का, मला माहीत नाही. बहुधा झाली असेल.

रविवारी संध्याकाळच्या उपासनेहून आल्यावर सिल्व्हियानं ठरवून टाकलं. कपडेसुद्धा बदलले नव्हते.

"ती नक्की आजारी आहे. अंग चोरून कोपऱ्यात बसते, दाण्याकडे बघत नाही. बाकीच्यांना लागायच्या आत काढते."

"दे, मी तळतो," जोशुआ म्हणाला.

"आजारी मासा खाणार?"

"तेलात कुठला आजार राहतो?"

"जोशुआ, मागच्या वेळी एकामुळं सगळी टाकी गेली."

"परमेश्वराची इच्छा हुती ती," मरियाबाई म्हणाल्या.

"इच्छा नव्हती, आई, ठिपके होते. आणि ते मी बघितले नाहीत." हे ती हळू बोलली. तिच्या आवाजात जे होतं ते मी ओळखलं. रात्रंदिवस आपल्याकडून काही निसटतंय असं ज्याला वाटतं, त्याचा आवाज असा असतो.

जाळी आली. मी टबाला फेऱ्या मारल्या, पण टबाला कोपरे असले तरी बाहेर नसतं. तिनं मला एका काळ्या बादलीत घेतलं, टबातलंच पाणी. ऊन उतरलं होतं, हिरव्या जाळीखाली आधीच अंधारलेलं. तिचा हात पाण्यात आला आणि माझ्याभोवती मिटला. खरं सांगते, तो हात वाईट नव्हता. पण मग तिनं अंगठ्यानं माझा कल्ला उचलला, आतला रंग बघायला.

कल्ला उचलला की जबडा सुटतो. ते माझ्या हातात नव्हतं. मला हातच नाहीत.

माझं सगळं जग त्या काळ्या पाण्यात सांडलं.

"लाल आहे," ती म्हणाली. "कल्ला चांगला लाल आहे. ठिपका नाही, बुरशी नाही. मग खात का नाही ही?" ती माझ्याकडे बघत होती. खाली बादलीच्या तळाशी माझी पिल्लं काळ्यावर काळी होऊन दडून बसली होती. मी त्यांना ओढून घ्यायला तोंड वळवलं, आणि तेवढ्यात आतून ग्रेस पडल्याचा आणि रडल्याचा आवाज आला. सिल्व्हियानं मला उचललं, टबात सोडलं, आणि आत पळता पळता म्हणाली, "उद्या बघू. आई, ते बादलीतलं पाणी गेटाबाहेर ओता. भाजीला नको!"

मी पुन्हा टबात. तोंड रिकामं. टबाच्या भिंतीपलीकडून मला बादलीच्या कडीचा आवाज आला. मरियाबाईंची चप्पल. ती गेटाकडे गेली. थांबली. बराच वेळ थांबली. मग परत फिरली. आणि मग जवळच कुठेतरी पाणी पडलं, गटारात पडतं तसं नाही, पाण्यात पाणी पडतं तसं.

त्या आवाजाचा अर्थ मला लागला नाही. तसंही मी नीट ऐकत नव्हते. मी टबाचा तळ चाळत होते. एखादं तरी माझ्या खवल्यांना चिकटून आलं असेल, जाळीच्या गाठीत अडकून आलं असेल. बाकीचे मासे माझ्याकडे बघत होते. त्यातला एक म्हणाला, "काय हरवलं?" मी म्हटलं, "काही नाही."

सकाळी दाणे पडले आणि मी खाल्ले.

हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. सगळ्यात पुढे होऊन खाल्ले. पोट माझ्या परवानगीची वाट बघत नाही.

"खाल्लं!" सिल्व्हिया ओरडली. "आई, बघा, हिनं खाल्लं! जोशुआ!" ती टाळ्या वाजवत होती. तिनं मोबाईलवर माझा व्हिडिओ काढला. मरियाबाईंनी "देवाची कृपा" म्हटलं आणि ग्रेसला उचलून मला दाखवलं, "बघ, मासा कसा शान्यासारखा जेवतो." ज्या दिवशी माझं सगळं गेलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी बरी झाले असं त्या घरात ठरलं. मी त्यांना दोष देत नाही. बाहेरून दुःख आणि भूक सारखंच तोंड उघडतात.

त्यानंतरही तिनं आम्हाला टबातच ठेवलं. आणखी काही दिवस बघायचंच, म्हणाली. टबातलं थोडं पाणी काढायची आणि आता स्वतःच गेटाबाहेर नेऊन ओतायची. मरियाबाई तेव्हा आत जायच्या.

मग एका संध्याकाळी आमची रवानगी मोठ्या टाकीत झाली. सिल्व्हियानं आधी जुन्या माशांना एका टोकाला पोटभर खाऊ घातलं, म्हणजे ते सुस्तावतील. दुसऱ्या टोकाला फुटकी कौलं रचून लपायला जागा केली. आम्हाला सगळ्यांना एकदमच सोडलं, एकटं कुणाला नाही. तरी जुन्यांतला एक थोराड नर आलाच. त्यानं माझ्या कुशीला धडक दिली, एक खवला गेला. "नवी का?" एवढंच म्हणाला. मी कौलाखाली गेले. पण त्याचं पोट भरलेलं होतं, टाकी मोठी होती, आणि आम्ही बरेच होतो; कुणाकुणाच्या मागे लागणार? उजाडेपर्यंत तो कंटाळला. नव्या सुनेला घरात घेतानासुद्धा लोक एवढी काळजी घेतात की नाही, मला शंका आहे.

मी राहू लागले. टाकीत एका ठिकाणी नळीतून पाणी पडायचं, हौदातून मुळांमधून गाळून आलेलं. सगळे म्हणायचे तिथं हवा चांगली असते. मी तिथंच असायचे, पण हवेसाठी नव्हे. त्या पाण्याला कसलीतरी चव होती. काय ते सांगता येत नव्हतं. तिथं गेलं की माझा जबडा आपोआप सैल व्हायचा, आणि तिथून निघालं की मला काहीतरी विसरून आल्यासारखं वाटायचं.

शिर्डीच्या हॉटेलला पानं द्यायच्या दिवशी सिल्व्हियानं हौदावरचा थर्माकोल उचलला आणि तसाच धरून उभी राहिली.

"आई, मुळांत काहीतरी हललं."

"डासाची पिल्लं आसतील."

"डासाच्या पिल्लांना एवढे डोळे नसतात. जोशुआ! लवकर ये!"

जोशुआ आला. वाकला. "मासे आहेत," म्हणाला. "बारीक मासे. सगळ्या मुळांत आहेत, आणि तिकडंही. इथं कुठून आले?"

"हौदात मी मासे कधीच सोडले नाहीत." सिल्व्हियाचा आवाज वर जात होता. "टाकीतून वर यायला रस्ताच नाही, पंपाला गाळणी आहे. कुणी आणून टाकल्याशिवाय..."

ती थांबली. मरियाबाई भाजीच्या पाट्या पुसत होत्या. पुसलेली पाटीच परत पुसत होत्या.

"आई?"

"मी वतलं हुतं," मरियाबाई म्हणाल्या. "त्या रविवारचं. गेटापोत्तर नेलं हुतं गं. पन हात वळंना. यवढं बादलीभर पानी... मला वाटलं पालाच तर हाय, पिऊन टाकील."

"आई, ह्याच हौदाचं पाणी टाकीत जातं! त्यात रोग असता तर?"

"न्हवता ना पन."

"असता तर?"

"असता तर तू मलाबी गेटाबाहेर वतलं आसतंस."

जोशुआला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात घातलं. सिल्व्हिया हसली नाही. "गंमत नाही ही, आई. नशिबानं वाचलो. प्रत्येक वेळी वाचू असं नाही. परत असं करू नका, हात जोडते."

"न्हाई करनार."

"शपथ?"

"आपल्यात शपथ घेत न्हाईत. न्हाई म्हनलं म्हंजी न्हाई."

सिल्व्हिया अजून पत्रा धरून उभी होती, मुळांतून पाणी ठिबकत होतं. मी नळीखालीच थबकले. त्या रविवारची बादली. काळी बादली.

"त्या बादलीत ती एकटीच होती," सिल्व्हिया हळूहळू म्हणाली. "न खाणारी. मी तिचा कल्ला उचलला आणि..." तिनं पत्रा खाली ठेवला. "चिलापी तोंडात पिल्लं ठेवते. वाचलं होतं मी. वाचलं होतं, तरी माझ्या डोक्यातच आलं नाही. ठिपकेच शोधत बसले."

"म्हंजी ती आजारी न्हवती," मरियाबाई म्हणाल्या. "बाईच्या तोंडात लेकरं हुती, आन् आपन तिला खा खा म्हनत हुतो."

"आणि मी ती गटारात ओतायला सांगितली."

मरियाबाईंनी पुसलेल्या पाट्या एकावर एक रचायला घेतल्या. ही त्यांची मोठी गोष्ट. "मी वतलं म्हनून वाचली" असं म्हणायला जागा होती.

पिल्लं जिवंत होती. मी हे सांगताना अजून एका जागी थांबू शकत नाही. जाळ्यात किती गेली, बादलीत किती राहिली, हौदात किती पोचली, काही माहीत नाही, पण होती. भिंतीच्या पलीकडे, मुळांच्या रानात, मी नसताना मोठी होत होती. मी नसताना! आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग थोडंसं वाईटही वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटली.

"सोड ना त्यांना आईजवळ," जोशुआ म्हणाला. "भेट होऊ दे."

सिल्व्हियानं पाण्याचा मग घेतला. मुळं हलवून थोडी पिल्लं मगात घेतली. तिला मला काहीतरी परत द्यायचं होतं, हे मला तिच्या पावलांवरून कळत होतं. घाईची, अपराधी पावलं. ती टाकीशी आली. हातातला मग पाण्यावर आला.

हात पाण्यावर आला की दाणे पडतात, हे टाकीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सगळे वर धावले. तो थोराड नर, जुने, नवे. पाण्याला नुसती तोंडं फुटली.

मीही धावले. सगळ्यांच्या पुढे. माझं तोंड सगळ्यांत मोठं उघडं होतं.

मी त्यांना आत घ्यायला धावले होते, की खायला? मी स्वतःला हे रोज विचारते. आत घेण्यासाठी तोंड असंच उघडतं. खाण्यासाठीही असंच. मला वाटतं मी आई म्हणून धावले. पण मला नुसतं वाटतं; सकाळचे दाणे मी खाल्लेले नव्हते, हेही खरं आहे.

सिल्व्हियाचा मग तिरका झाला होता. ती आमच्या तोंडांकडे बघत राहिली. त्यातलं माझं कुठलं ते तिला ओळखता आलं असेल का? एकदम तिनं मग सरळ केला, छातीशी धरला, आणि मागे सरकली.

"नाही," ती म्हणाली. "आत्ता नाही."

"तिचीच पिल्लं आहेत ना?"

"असू देत. आत्ता तीही नको."

आणि ती पिल्लांना परत मुळांत सोडून आली. हौदाच्या नळीला तिनं बारीक जाळी बांधली, बोटांनी दाबून दाबून बघितली, आणि जाता जाता पुन्हा येऊन बघितली.

आता मी नळीखाली असते. अंग भरलंय, खवला परत आलाय, थोराड नर माझ्या वाटेला जात नाही. वरून पाणी पडतं आणि त्याची चव रोज थोडी बदलते. मी तोंड मिटून धरते, सवयीनं. आत काही नसतं.

सिल्व्हिया, तुला ऐकू येणार नाही, पण एक मागणं आहे. ती पिल्लं तुझ्याकडे आयुष्यभर मुळांत राहणार नाहीत. एक दिवस तीही ह्या टाकीत नवी म्हणून येतील. तेव्हा घाई करू नकोस. जोशुआनं घाई केली तर खड्ड्यांच्या रस्त्यावर म्हणत होतीस तसं त्याला म्हण. आधी आम्हाला पोटभर खाऊ घाल, मला जरा जास्तच. कौलं रच. सगळ्यांना एकदम सोड, एकट्याला कुणाला नको. आणि त्याआधी एकेकाला हातात घेऊन नीट बघ, किती मोठं झालंय ते.

मला ती ओळखू आली नाहीत तरी चालेल. त्यांनी मला धडक दिली, "जुनी का?" म्हटलं, तरी चालेल. माझ्या तोंडात मावणार नाहीत एवढी ती होऊ देत. मग सोड.